दोन फ्रेमांच्या मध्ये

गेम सुरू आहे, पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा ६० वर स्थिर आहे, आणि तरीही गेम अडकतो. वळणावर गाडी एकदम थिजते, नेम धरणारा हात पुढे गेलेला असतो पण चित्र मागेच राहते, आणि मग सगळे उडी मारून पुढे येते. आकडा खोटा नसतो. सेकंदातल्या साठ फ्रेमांपैकी ५९ फ्रेम प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत तयार झाल्या तर त्यांना ७०८ मिलिसेकंद लागतात. साठाव्या फ्रेमने उरलेले २९२ मिलिसेकंद एकटीने घेतले तरी सेकंदाला साठ हा हिशेब चोख जुळतो. पाव सेकंदाहून मोठी ही खिंड सरासरीत कुठेच दिसत नाही. संगणकांची परीक्षणे करणाऱ्यांनाही हे ध्यानात यायला बराच काळ लागला. २०११ साली ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजायला हवा असे मांडले, आणि हळूहळू ग्राफिक्स कार्ड तपासण्याची रीतच बदलली. हा बदल मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. एखादी गोष्ट सलग आहे असे आपण म्हणतो तेव्हा तिचे सलगपण नेमके कशात असते, या जुन्या प्रश्नाला त्याने नवा पुरावा मिळवून दिला आहे. आपल्या दर्शनांनी हाच प्रश्न माणसाबद्दल विचारला होता: बालपणीचा मी आणि आजचा मी एक आहोत ते कशाच्या बळावर?

नाशिकमध्ये हा प्रश्न पोथीत बंद राहिलेला नाही. २ मार्च १९३० रोजी इथल्या काळाराम मंदिराच्या दारात प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्या घोषणेचा शेवट १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेत झाला, आणि १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ज्या चार अडचणी स्वतःहून पुढे ठेवल्या, त्यांतली एक हीच आहे: बुद्धाने आत्मा नाकारला, तरी कर्म आणि पुनर्जन्म मानला असे सांगितले जाते; मग आत्मा नसेल तर कर्म कुणाचे आणि जन्म कुणाचा? ज्या घरांनी धर्म बदलला त्यांच्यासाठी हा शब्दच्छल नव्हता. ‘मागच्या जन्मीचे पाप’ या एका वाक्याने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवले होते, आणि ते वाक्य तोलून धरणारा खांब म्हणजे जन्मोजन्मी तसाच राहणारा आत्मा. तो खांब काढला तर न्याय आणि जबाबदारी कशावर उभी राहील? अडकणारा गेम हा प्रश्न सोडवत नाही. पण तो नीट विचारायला शिकवतो, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी गांभीर्याने मांडतो आहे.

बौद्धांच्या क्षणभंगवादानुसार अस्तित्वात असलेली प्रत्येक गोष्ट क्षणभरच असते. दिसते ते सातत्य म्हणजे सारख्या क्षणांची संतती. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या भाष्यात क्षणाचे मापही नोंदवले आहे: १२० क्षणांचा एक तत्क्षण, ६० तत्क्षणांचा एक लव, ३० लवांचा एक मुहूर्त, ३० मुहूर्तांचे एक अहोरात्र. गुणाकार केला तर दिवसरात्रीत ६४ लाख ८० हजार क्षण होतात. म्हणजे एक क्षण साधारण १३.३ मिलिसेकंदांचा, सेकंदाचा पंच्याहत्तरावा भाग. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र तेवढाच वेळ टिकते. या जुळणीतून काहीही सिद्ध होत नाही, आणि ती पुढे करून प्राचीनांना सगळे ठाऊक होते असे सांगत सुटणे त्यांचाच अपमान आहे. महत्त्वाचे इतकेच की सलग भासणाऱ्या गोष्टीला आतून मोजमाप असले पाहिजे, असे त्यांना वाटले. नित्य पुरुष मानणाऱ्या योगदर्शनातही हा विचार आहे. पतंजलीच्या सूत्रांवरचे व्यासभाष्य म्हणते की दोन क्षण एकत्र कधीच असत नाहीत. मुहूर्त, दिवस, रात्र ही बुद्धीने केलेली जुळणी आहे, वस्तू नाही. म्हणजे आत्मा मानणारे आणि न मानणारे दोघेही एवढ्यावर सहमत होते की काळाचे वाहतेपण आयते मिळत नाही, ते घडवले जाते. वाद आहे तो ते कशाने घडते यावर.

इथे नाशिकच्याच एका माणसाचे काम साक्षीला घ्यावे लागते. धुंडिराज गोविंद फाळके त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मले आणि १९४४ मध्ये नाशिकला वारले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी, भांडवल मिळवण्यासाठी हे नवे तंत्र काय करू शकते हे दाखवायला, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे रोज एक अशा बेताने चित्र घेत महिनाभराची वाढ टिपली. पडद्यावर ते बी फुटले आणि वेल पाहता पाहता वर चढला. भारतीय तर्कशास्त्रातल्या क्षणभंगाच्या वादात बी आणि अंकुराचाच दाखला वारंवार येतो. बौद्ध म्हणत, कणगीतले बी अंकुर देत नाही आणि शेतातले देते, म्हणून ती दोन वेगळी बिये आहेत. न्यायदर्शनाचे अनुयायी, नैयायिक, म्हणत, बी तेच. शेतात त्याला माती आणि पाण्याचे साहाय्य मिळाले. फाळक्यांनी तो वाद पाहून बी निवडले असेल असे मुळीच नाही. पण त्यांच्या फितीत दोन चित्रांमध्ये एक अख्खा दिवस गळलेला आहे. त्या दिवसातले काहीच फितीवर नाही, एका चित्रातून दुसऱ्यात काहीही सरकत जात नाही, आणि तरी वेल न अडखळता चढतो. त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्टहायमर यांनी दोन स्थिर रेषा ठरावीक अंतराने दाखवल्या की डोळ्याला हालचाल दिसते हे प्रयोगांनी मांडले. सातत्य दिसण्यासाठी त्यामागे टिकून राहणारे काही असावेच लागते, हा आग्रह इथे पहिल्यांदा ढिला पडतो. प्रोजेक्टर टिकून होता, पडदा टिकून होता, हे खरे. पण वेलाचे सलगपण त्यांच्यातून आलेले नव्हते.

अडकणारा गेम याच्या उलट बाजूचा पुरावा देतो, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. गेम थिजतो त्या पाव सेकंदात काय नाहीसे झालेले असते? ग्राफिक्स कार्ड जागेवर असते, रॅम असते, गेमचा प्रोग्रॅम चालू असतो, वीज असते. टिकायचे ते सगळे टिकलेले असते. नसते ते फक्त सातत्य. कारण शोधायला लागले की ते बहुतेक वेळा जिथे दिसते तिथे सापडतच नाही. विंडोजमध्ये नेटवर्क, ध्वनी, डिस्क यांपैकी कुणीही प्रोसेसरला हाक मारली की चालू काम बाजूला होते, त्या हाकेचे राहिलेले काम डीपीसीच्या रांगेत लागते आणि गेमच्या आधी उरकले जाते. हे काम १०० मायक्रोसेकंदांच्या पुढे जाऊ नये, अशी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची सूचना आहे. एखाद्या वाय-फाय ड्रायव्हरने ती मोडली की गाडी वळणावर थिजते, आणि खेळणारा ग्राफिक्स कार्डाला बोल लावत बसतो. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले की काही रायझन संगणकांवर मधूनच येणाऱ्या अडखळीचे मूळ सुरक्षेसाठी असलेल्या एफटीपीएममध्ये आहे: मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी त्याचा व्यवहार चालू असेपर्यंत सगळा प्रतिसाद थांबत होता. खेळाशी त्याचा काही म्हणजे काही संबंध नव्हता, आणि उपाय बायोसच्या अपडेटनेच झाला. नाशिकच्या एप्रिलमध्ये बंद खोलीत कार्ड तापून आपला वेग उतरवते, तेव्हा कारण तर संगणकाच्याही बाहेर, हवेत असते. फितीत टिकणारे काही नसताना सातत्य होते. इथे टिकणारे सगळे असून ते नाही. अन्वय आणि व्यतिरेक लावून कारण ठरवण्याची आपली जुनी पद्धत या दोन उदाहरणांना लावली तर निष्कर्ष टाळता येत नाही: टिकाऊपणा हे सातत्याचे कारण नव्हे.

मग कारण कोणते? फ्रेमांची संख्या हे उत्तर सरासरीच्या हिशेबानेच बाद झाले आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि कुणाची तक्रार नसते. तोच वेग गेममध्ये असला तर हात वैतागतो. फरक डोळ्यात नाही. सिनेमा पाहणारा काही करत नसतो, खेळणारा करत असतो. त्याने माउस हलवला, मग प्रोसेसरने पुढची स्थिती ठरवली, कार्डाने चित्र काढले, मॉनिटरने ते वरून खाली रंगवले. ही साखळी अपेक्षित वेळेत पुरी झाली तर तो म्हणतो गेम मख्खन चालतोय. कृतीला तिचे फळ वेळेवर, आणि दर खेपेला जवळपास तेवढ्याच वेळाने मिळत राहणे, यालाच तो सातत्य म्हणतो. २०२२ मध्ये डीएलएसएस ३ हे तंत्र आले, ज्यात दोन खऱ्या फ्रेमांमध्ये एक कृत्रिम फ्रेम बसवली जाते. आकडा जवळजवळ दुप्पट होतो, डोळा सुखावतो, पण मधल्या फ्रेमला खेळणाऱ्याच्या हाताची काहीच खबर नसते. उलट पुढची खरी फ्रेम थोडी अडवून ठेवावी लागल्याने प्रतिसादाला उशीरच होतो. डोळ्याचे सातत्य आणि हाताचे सातत्य इथे उघडउघड दोन वाटांनी जाते. माणसाच्या ‘मी’पणाबद्दल बोलताना आपण बहुधा पहिल्यावरच भर देतो: आठवणींचा चित्रपट, नावगाव, चेहरा. मला दुसरे अधिक मूलभूत वाटते. मी केले त्याचे मला काही लागते, आणि जे लागले त्यावरून मी पुढचे करतो, ही साखळी म्हणजे मी.

नैयायिकांना मात्र एक श्रेय द्यावेच लागते. अडखळ शोधणारा कुणीही प्रत्यक्षात न्यायदर्शनाच्या वाटेने चालतो. तो असे धरूनच चालत नाही की काल नीट चालणारे कार्ड आणि आज अडखळणारे कार्ड ही दोन वेगळी कार्डे आहेत. तो म्हणतो, कार्ड तेच, साहाय्यक कारणांपैकी एक सुटले आहे. आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलत जातो. ड्रायव्हर बदलून पाहतो, रॅमची पट्टी काढून दुसऱ्या खाचेत बसवतो, गेम हार्ड डिस्कवरून एसएसडीवर हलवतो, लॅटन्सीमॉनसारखे मोजणीचे साधन लावून रात्रभर नोंद ठेवतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी कारण कळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रत्येक क्षण आपल्यापुरता पुरा आणि सुटा असता तर हा शोध अशक्य झाला असता, कारण दोषी क्षणाच्या बाहेर कुठे पाहायलाच नको होते. क्षणभंगवादाची टोकाची मांडणी इथे पडते असे मी मानतो. दहाव्या-अकराव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त क्षणभंगाचे खंडन सुरुवातीलाच हाती घेतले, ते उगाच नव्हे. पण त्या खंडनातून नित्य आत्मा सिद्ध होतो, ही पुढची उडी मला मान्य नाही. बी तेच राहिले एवढ्यावरून ते अमर ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: यंत्राच्या दाखल्यावरून माणसाच्या अंतरंगाबद्दल काही म्हणता येत नाही. यंत्राला कुठे दुःख होते? आक्षेप रास्त आहे, पण माझा दावाही त्याहून लहान आहे. मी यंत्राला जीव लावत नाही. टिकाऊपणा असेल तरच सातत्य असते, असे सार्वत्रिक विधान आत्मवादी करतात. सार्वत्रिक विधान मोडायला एक विरोधी उदाहरण पुरते, ते कुठल्याही क्षेत्रातले असो. दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो शंकराचार्यांचा आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात बौद्धमताचा परामर्श घेताना ते स्मृतीवर बोट ठेवतात: आधी पाहणारा आणि नंतर आठवणारा एकच नसेल तर ‘मीच ते पाहिले होते’ हे कळायचे कसे? हाच प्रश्न इथे लावला तर असा: गेम अडकला हे कुणाला कळले? आधीचा क्षण गेला, नंतरचा आला. मधली खिंड दोन्ही टोके पाहणाऱ्यालाच दिसणार. यावर मोजणी करणाऱ्या साधनाकडे पाहण्यासारखे आहे. प्रेझेंटमॉन प्रत्येक फ्रेमची वेळ टिपते आणि तीतून आधीची नोंद वजा करते. त्याला दोन्ही क्षणी हजर असणारा साक्षी लागत नाही. आधीच्या क्षणाने नंतरच्याच्या हाती एक खूण सोपवली की अंतर कळते. वसुबंधूचे स्मृतीवरचे उत्तर याच जातीचे आहे: त्याच संततीत आधीच्या ज्ञानाचा संस्कार नंतरच्या चित्तात उमटतो, मालक वेगळा शोधावा लागत नाही. अंतर कळण्यापुरते हे उत्तर मला पुरेसे वाटते. अंतर सलण्यापुरते ते पुरत नाही, हेही कबूल केले पाहिजे. नोंदवहीत २९२ हा आकडा उमटतो, चडफड उमटत नाही. अनुभूतीची ती बाजू खुणांच्या हस्तांतराने उलगडलेली नाही, आणि ती उलगडली आहे असे सांगणाऱ्या आधुनिक जडवाद्यांवर माझा विश्वास नाही.

अद्वैती इथे पडद्याचा दृष्टांत देतात: चित्रे येतात-जातात, पडदा तसाच राहतो, साक्षी तसा. पण चित्र थिजते तेव्हाही पडदा तसाच असतो. वाहत्या आणि तुटलेल्या दोन्ही अवस्थांत जो सारखाच हजर, त्याच्यावरून त्यांच्यातला फरक समजणार नाही. अद्वैती म्हणेल की फरक समजावणे हे साक्षीचे कामच नव्हे, दोन्ही प्रकाशित करणे एवढेच त्याचे काम. ते मान्य करू. मग जबाबदारीचा, न्यायाचा प्रश्न साक्षीवर सोडता येणार नाही हेही मान्य व्हावे, आणि बाबासाहेबांचा प्रश्न तर नेमका जबाबदारीचा होता.

त्यांचे स्वतःचे उत्तर असे की कम्माचा नियम एकेका व्यक्तीच्या भाग्यदुर्भाग्याचा हिशेब नाही; तो समाजातल्या नैतिक व्यवस्थेचा नियम आहे. गोठलेल्या चित्राचे कारण जसे अनेकदा त्या चित्रात नसते, तसे एखाद्याच्या वाट्याला आलेल्या दुःखाचे कारण त्याच्याच मागच्या कर्मात शोधणे ही निदानाची चूक आहे, असा त्याचा अर्थ मी घेतो. उपाशी पोराला त्याचे प्रारब्ध दाखवणारा माणूस, शेजारच्या ड्रायव्हरचा दोष कार्डावर ढकलणाऱ्यापेक्षा फार मोठा अन्याय करतो. पण मग व्यक्ती उरते की नाही? मी केलेल्या कामाला मीच जबाबदार, हे म्हणण्यापुरती तरी ती उरली पाहिजे. नाशिकच्या पांडवलेण्यांत या प्रश्नाला एक जुने, उपेक्षित उत्तर राहून गेले आहे. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी राजमाता गौतमी बलश्रीने दान दिले, ते भद्रायणीय भिक्षूंना, असे तिथला शिलालेख सांगतो. भद्रायणीय हे वात्सीपुत्रीय परंपरेतून निघालेले, आणि वात्सीपुत्रीयांचे मत असे की पुद्गल, म्हणजे व्यक्ती, आहे. ती स्कंधांहून, म्हणजे देहमन घडवणाऱ्या घटकांहून, वेगळी म्हणता येत नाही आणि स्कंधच आहे असेही म्हणता येत नाही, जसा अग्नी सरपणाच्या आधाराने असतो. बाकीच्या बौद्धांनी त्यांच्यावर चोरून आत्मा आत आणल्याचा ठपका ठेवला. वसुबंधूने अभिधर्मकोशाचे शेवटचे प्रकरण त्यांच्या खंडनाला दिले: वस्तू तरी असेल किंवा नुसता व्यवहार तरी, तिसरे काही संभवत नाही.

इथे वसुबंधूने घाई केली असे मला वाटते. दोन फ्रेमांमधला वेळ ही काय चीज आहे पाहा. तो कुठल्याच एका फ्रेममध्ये नसतो. एक फ्रेम हजारदा तपासली तरी तो तीत सापडणार नाही. फ्रेमांवाचून, त्यांच्यापासून वेगळा, तो कुठे ठेवलेलाही नाही. तरी तो मोजता येतो, त्याला कारणे आहेत, आणि त्याचे परिणाम आहेत: नेम चुकतो, डाव हातचा जातो. पुढे धर्मकीर्तीने सत् ठरवण्याची कसोटी दिली, की जे काही कार्य घडवते ते सत्. त्या कसोटीला हा वेळ पूर्ण उतरतो. प्रतिपक्षी म्हणेल की कार्य घडवतात त्या फ्रेम, अंतर ही आपण त्यांच्यावर चढवलेली कल्पना. पण फ्रेम त्याच, त्याच क्रमाने, तेवढ्याच संख्येने ठेवून फक्त अंतरे बदलली तर परिणाम बदलतो, हे अगदी पहिल्या हिशेबातच दिसले आहे. तेव्हा कार्याचे श्रेय अंतरालाही द्यावे लागते. व्यक्ती ही क्षणांच्या मागे उभी असलेली वस्तू नसून क्षणाक्षणांतला असा संबंध असेल, तर भद्रायणीयांचे ‘वेगळीही नाही, तीच असेही नाही’ हे बोलणे पळवाट उरत नाही. संबंधाचे वर्णन दुसऱ्या कुठल्या रीतीने करताच येत नाही. आणि संबंधाला निदान दोन टोके लागतात, म्हणून कुठल्याही एका क्षणात, कृत्याच्या किंवा फळाच्या, ती व्यक्ती पूर्ण सापडणार नाही.